खालिद जमील : संघ मिटले, कारकीर्द उरली

कर्नाळा (पनवेल), प्रतिनिधी

मुंबईच्या मैदानांवर घडलेला, मधल्या फळीत खेळणारा एक फुटबॉलपटू १ ऑगस्ट २०२५ रोजी भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. गोव्याचे सॅव्हियो मेडेरा २०१२ मध्ये पायउतार झाल्यापासून हे पद परदेशी प्रशिक्षकांकडेच होते. या वेळीही अंतिम तिघांच्या यादीत लंडनमध्ये जन्मलेले स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि स्लोव्हाकियाचे श्टेफान तार्कोविच ही दोन नावे होती. निवड झाली ती खालिद जमील यांची.

या निवडीला एक वेगळी पार्श्वभूमी आहे. जमील खेळाडू म्हणून मुंबईच्या ज्या तीन संघांशी जोडले गेले, त्यांपैकी एकही आज देशाच्या वरिष्ठ लीगमध्ये नाही. दोन संघ तर बंदच झाले. खेळाडूची कारकीर्द सरते आणि संघ उरतो, हा जगभरचा क्रम. जमील यांच्या बाबतीत तो उलटा झाला.

मैदानावरील वर्षे

जमील यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ रोजी कुवेतमध्ये झाला. फुटबॉलपटू म्हणून त्यांची जडणघडण मात्र मुंबईची. महिंद्र आणि एअर इंडिया हे त्या काळातील मुंबईचे दोन मोठे संघ. जमील या दोन्ही संघांकडून खेळले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना भारतीय संघाचे दार उघडले. मोहन बागान व ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या दोन्ही बलाढ्य क्लबांकडून त्यांना विचारणा झाली होती. मात्र, या क्लबांच्या नावामागे मद्यकंपनीचे ब्रँड असल्याने त्यांनी नकार दिला, असे अनेकदा प्रसिद्ध झाले आहे. त्यामुळे खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द मुंबईतच राहिली.

महिंद्र युनायटेडने २००५-०६ च्या मोसमात राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. मुंबईच्या संघाने हा मान मिळविण्याची ती पहिलीच वेळ. जमील त्या वेळी याच क्लबमध्ये होते. पण तोवर दुखापतींनी त्यांची पाठ धरली होती. मधल्या फळीतील खेळाडूला चेंडू हिसकावण्यासाठी मागे आणि हल्ल्याला साथ देण्यासाठी पुढे असे सतत धावावे लागते. गोलांच्या यादीत त्याचे नाव क्वचितच दिसते. शरीराची झीज मात्र सर्वाधिक होते. २००७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफसी या नव्या क्लबमध्ये ते गेले आणि २००९ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, बूट उतरवून त्याच क्लबचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या आधी ही सूत्रे डेव्हिड बूथ या इंग्लिश प्रशिक्षकाकडे होती.

टिकून राहण्याची कला

जमील यांनी २०१६ पर्यंत, सलग सात मोसम, मुंबई एफसी सांभाळला. क्लबकडे मोठ्या रकमा नव्हत्या. कूपरेज मैदानाच्या नूतनीकरणाच्या काळात घरचे सामने पुण्यात, बालेवाडीत खेळावे लागले. विजेतेपद दूरच, पण जमील यांच्या काळात संघ आय-लीगमधून एकदाही खाली घसरला नाही. बचाव घट्ट ठेवायचा, एक-एक गुण जोडायचा आणि संधी येताच वेगाने प्रतिहल्ला चढवायचा, ही त्यांची पद्धत याच टंचाईतून तयार झाली. हा खेळ देखणा नाही, अशी टीका त्यांच्यावर पुढेही होत राहिली.

दरम्यान, आजूबाजूचे संघ मिटत होते. महिंद्र युनायटेडने २०१० मध्ये गाशा गुंडाळला. क्लब परवान्याचे निकष पूर्ण न झाल्याने २०१३ मध्ये एअर इंडिया आय-लीगबाहेर गेला. जमील यांनी निरोप घेतल्यानंतरच्या पहिल्याच मोसमात मुंबई एफसीची घसरण झाली आणि २०१७ मध्ये तोही बंद पडला.

ऐजॉलचा चमत्कार

त्याच २०१६-१७ च्या मोसमात जमील मिझोरमच्या ऐजॉल एफसीकडे होते. हा संघ आदल्या वर्षी खालच्या श्रेणीत गेला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्याने त्याला पुन्हा प्रवेश मिळाला. आशुतोष मेहता आणि मधल्या फळीतील जयेश राणे हे मुंबईकर खेळाडू जमील यांच्या संघात होते. अखेरच्या टप्प्यात ऐजॉलने मोहन बागानला १-० असे हरविले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधून त्यांनी विजेतेपद निश्चित केले. ऐजॉलचे ३७, तर मोहन बागानचे ३६ गुण झाले. ईशान्य भारतातील क्लबने देशाची अव्वल लीग जिंकण्याची ती पहिलीच घटना.

पुढे ईस्ट बंगाल व मोहन बागान या दोन्ही क्लबांचे प्रशिक्षकपद त्यांना मिळाले. २०२१ च्या प्रारंभी नॉर्थईस्ट युनायटेडची हंगामी सूत्रे हाती घेऊन त्यांनी संघाला बाद फेरीत नेले. इंडियन सुपर लीगमध्ये अशी मजल मारणारे ते पहिले भारतीय प्रशिक्षक. २०२४-२५ मध्ये जमशेदपूर एफसीला त्यांनी लीगच्या उपांत्य आणि सुपर चषकाच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचविले.

इंग्लंडचा दाखला

कर्नाळा, पनवेल, खारघर या पट्ट्यातील क्रीडारसिकांना इंग्लंडच्या एका मध्यरक्षकाचे नाव आठवत असेल. २०१४ मध्ये मुंबई सिटी एफसीचे पहिले प्रशिक्षक म्हणून नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर दिसलेले पीटर रीड. बोल्टनमध्ये असताना दुखापतींनी त्यांची कारकीर्द जवळजवळ संपविली होती. १९८२ मध्ये एव्हर्टनने अवघ्या ६० हजार पौंडांत त्यांना घेतले. १९८५ मध्ये एव्हर्टन इंग्लंडचा विजेता ठरला आणि व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने रीड यांना वर्षातील सर्वोत्तम खेळाडू निवडले. १९८६ च्या विश्वचषकात मॅराडोनाने त्या अजरामर धावेत ज्यांना मागे टाकले, त्यांतही ते होते. मुंबईत मात्र त्यांना यश आले नाही. आठ संघांत संघ सातवा आला आणि एका मोसमानंतर ते परतले.

रीड ज्या बोल्टन व एव्हर्टनकडून खेळले, त्या क्लबांची स्थापना अनुक्रमे १८७४ आणि १८७८ मधील. दोन्ही आजही खेळतात. तेथील मुलाला आपल्या गावच्या जुन्या खेळाडूचा वारसा त्याच क्लबमध्ये, त्याच रंगाच्या जर्सीत सापडतो. जमील यांचा वारसा शोधू पाहणाऱ्या मुंबईच्या मुलाला दाखवायला महिंद्र युनायटेड नाही आणि मुंबई एफसीही नाही. मुंबई सिटीने पुढे लीगची विजेतेपदे पटकावली ही समाधानाची बाब. पण एका क्लबवर महानगराची फुटबॉल परंपरा तोलता येत नाही.

राष्ट्रीय संघाची कसोटी

भारतीय संघासोबत जमील यांची सुरुवात आश्वासक झाली. २९ ऑगस्ट २०२५ रोजी ताजिकिस्तानला त्यांच्याच भूमीत २-१ असे नमवून भारताने काफा नेशन्स चषकात प्रारंभ केला आणि ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून तिसरे स्थान मिळविले. ऑक्टोबरमध्ये मात्र मडगावात सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि आशियाई चषकाची पात्रता हुकली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही १-० अशी मात केली.

या पराभवांची जबाबदारी प्रशिक्षकावर येणारच. मात्र, भारतीय प्रशिक्षक कोठून येणार, हा प्रश्न त्यापेक्षा मोठा आहे. जमील यांना पहिली संधी दिली ती मुंबईच्या एका छोट्या क्लबने. आणि विजेतेपद नसतानाही सात मोसम विश्वास ठेवला. तो क्लब आज नाही. मुंबईत आज एखादा मध्यरक्षक बत्तिसाव्या वर्षी निवृत्त झाला, तर त्याला असे सात मोसम देणारा संघ कोणता, याचे उत्तर शहराच्या फुटबॉलकडे सध्या नाही.