सोय, सोयरीक आणि संमती

सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावते आणि पोलादपूर व महाड या गावांवरून वाहत बाणकोटपाशी समुद्रास मिळते. तिचे नाव उच्चारिताच अल्पायुषी सत्यवानास जाणूनबुजून वरणारी राजकन्या आठवते. याच नदीच्या मुखाशी १८२३ साली स्कॉटिश मिशनऱ्यांनी आपले कोकणातील कार्य आरंभिले. त्या पंथाच्या धर्मविचारातून पुढे जी मराठी कथा जन्मली, तिने विवाहाविषयी काय सांगितले, हे येथे पाहावयाचे आहे.

इंग्रजी ख्रिस्ती प्रणयकथांत एक ठरीव कथानक वारंवार येते. दोन अपरिचित माणसे आसऱ्यासाठी, वतनासाठी अथवा पोरक्या मुलांसाठी लग्न करितात. प्रेम मागाहून, प्रार्थनेच्या सहवासात उपजते. आपल्या वाचकांस यात नवल ते काय वाटावे? सोय जाणे तो सोयरा, असे आपण म्हणत आलोच आहोत. पोलादपूर-महाडच्या घरांतही सोयरीक जुळविताना कूळ, शेत आणि देणेघेणे पाहिले जाई. भेद एवढाच, की त्या कथांतील नायिका कितीही निराधार असली तरी होकार स्वतः देते; आपल्या आठ-दहा वर्षांच्या मुलीस कोणी पुसतच नसे.

बाबा पदमनजींनी नेमके येथेच बोट ठेविले. १८५४ साली ख्रिस्ती झालेल्या या लेखकाचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली, म्हणजे विधवाविवाहाचा कायदा झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. पतीसह प्रवास करिताना यमुना विधवांचे हाल पाहते आणि पुढे स्वतःच विधवा होते. तिचा पुनर्विवाह केवळ आसऱ्याची तजवीज म्हणून रंगविणे सोपे होते. पदमनजींनी आधी तिची श्रद्धा ठरू दिली आणि मग विवाह घडविला. पुस्तकात उपदेश फार आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु विधवेस स्वतःचे मन आहे, ही गोष्ट त्यात ठामपणे मांडिली आहे.

कादंबरीहून अधिक प्रत्यय मात्र ‘स्मृतिचित्रे’ देतात. लक्ष्मीबाईंचा विवाह १८८० साली बालपणीच, वडीलधाऱ्यांच्या इच्छेने झाला. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि संसार दुभंगला. धर्मांतरामुळे जोडीदाराने टाकिलेल्यास विवाहबंधन तोडून घेण्याची मुभा १८६६ च्या कायद्याने दिली होती. त्या वाटेस हे दांपत्य गेले नाही. काही वर्षांच्या वियोगानंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या आणि १९०० साली, स्वतःची खात्री पटल्यावर, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पहिल्या वेळी त्यांस संसारात धाडण्यात आले होते; या वेळी त्या आपल्या पायांनी आल्या.

सोय पाहून केलेला विवाह हीन, असे आम्हांस वाटत नाही. त्यात कोणाची सोय पाहिली आणि कोणास विचारिले, एवढेच कथाकारास व वधूपित्यास पुसावयाचे आहे.