पदव्युत्तर प्रवेशाची शंभर वर्षे : नागपूर विद्यापीठ, चोरखमाऱ्याकडून पाहिलेले

नागझिऱ्याला जाणाऱ्या पर्यटकाला चोरखमारा माहीत असते ते अभयारण्याच्या गेटमुळे. तिरोडा तालुक्यातल्या शेतकऱ्याला ते माहीत असते तलावामुळे. हा तलाव ब्रिटिश काळातला, आजही धानाला पाणी देणारा. तिसरी ओळख फारशी कुणी सांगत नाही. नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्राच्या पूर्व बाजूला जी गावे आहेत, त्यांपैकी हे एक. इथल्या पोराने तिरोड्याहून किंवा गोंदियाहून बी.ए., बी.एस्सी. केले आणि पुढे शिकायचे मनात आणले, की त्याच्या पात्रतेचे नियम ठरतात नागपुरात. पदव्युत्तर वर्गात कोणाला घ्यायचे, कोणत्या अटीवर, कोणते कागद पाहून, हे ते विद्यापीठ गेली शंभर वर्षे ठरवत आले आहे. विद्यापीठाच्या इमारती आणि कुलगुरू यांच्याबद्दल शताब्दीच्या वर्षात पुष्कळ लिहिले गेले. प्रवेशाच्या अटींबद्दल जवळजवळ काहीच नाही, म्हणून हा लेख.

विद्यापीठ निघाले 4 ऑगस्ट 1923 रोजी. त्याआधी नागपुरात महाविद्यालये होती, विद्यापीठ नव्हते. हिस्लॉप महाविद्यालय 1883 चे, मॉरिस महाविद्यालय 1885 चे. परीक्षा आधी कलकत्ता विद्यापीठाच्या, आणि 1904 च्या विद्यापीठ कायद्यानंतर अलाहाबादच्या. म्हणजे मध्य प्रांतातल्या विद्यार्थ्याने एम.ए. करायचे तर शिकायचे नागपुरात आणि पदवी घ्यायची गंगा-यमुनेच्या संगमावर. सर बिपिन कृष्ण बोस हे पहिले कुलगुरू. सुरुवातीला सहा संलग्न महाविद्यालये आणि नऊशेंच्या घरात विद्यार्थी, एवढाच पसारा. आज एखाद्या मोठ्या महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातच यापेक्षा जास्त पोरे बसतात.

त्या काळची लेखी अट साधी होती : संबंधित पदवी परीक्षा उत्तीर्ण. न लिहिलेली अट मात्र मोठी होती. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात. बंगाल-नागपूर रेल्वे तिरोड्यावरून जात होती, पण गाडीत बसायला आधी मॅट्रिक व्हावे लागे, आणि मॅट्रिकची शाळा गावाजवळ नव्हती. इंग्रजी हेच माध्यम. नागपुरात राहायचे तर खर्च मालगुजाराच्याच घराला झेपणारा. नियमपुस्तिकेत एका ओळीत मावणारी पात्रता जंगलकाठच्या गावांतून जवळजवळ कुणाच्याच आवाक्यात नव्हती. जुन्या काळी प्रवेश सोपा होता, असे आजचे म्हातारे म्हणतात तेव्हा हे लक्षात ठेवावे.

विद्यापीठाच्या इतिहासात प्रवेशाच्या बाबतीत सर्वांत मोठ्या मनाची गोष्ट घडली ती 1938 च्या सुमारास. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्यावर बंदी आली, विद्यार्थी हटले नाहीत, आणि निजामाच्या राजवटीने त्यांना काढून टाकले. काढून टाकलेल्या विद्यार्थ्याला दुसरीकडे घेताना कोणतेही विद्यापीठ आधी वर्तणुकीचा दाखला मागते, आणि तो तर त्यांना मिळणे शक्यच नव्हते. तुकाराम जयराम केदार तेव्हा नागपूरचे कुलगुरू. नागपूर विद्यापीठाने या मुलांना दार उघडले. पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. पुढे कायद्याची पदवीही त्यांनी नागपूर विद्यापीठाची घेतली. नियम विद्यार्थ्यासाठी असतो, हे एका संस्थेने कागद बाजूला ठेवून दाखवले होते. आज दाखल्यावरचा शिक्का अस्पष्ट आहे म्हणून अर्ज परत येतो तेव्हा केदारांची आठवण काढणारे फार कोणी उरलेले नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास या विद्यापीठाने मराठी आणि हिंदी ही शिक्षणाची व परीक्षेची माध्यमे म्हणून स्वीकारायला सुरुवात केली. देशातल्या विद्यापीठांत हे फार लवकर उचललेले पाऊल होते. इंग्रजीच्या पेपरात आपटी खाणारा पण इतिहास-राज्यशास्त्र मनापासून वाचणारा खेड्यातला मुलगा एम.ए.ला बसू लागला तो यामुळे. दुसरी मदत झाली ती ‘एक्स्टर्नल’ची. शाळेत मास्तरकी करत, संसार सांभाळत, नियमित वर्गात न बसता परीक्षेला बसण्याची सोय. इकडच्या झाडीपट्टीतल्या जुन्या शिक्षकांपैकी किती जणांच्या नावापुढचे एम.ए. असे मिळालेले आहे, हे त्यांच्या शाळांच्या भिंतींवरच्या पाट्या वाचल्या की कळते. या एम.ए.ला नाक मुरडणारेही होते. मला ते कधी पटले नाही. कंदिलाच्या उजेडात मार्क मिळवणाऱ्याला वर्गातल्या हजेरीची अट लावणारे हे शहाणे मुलांना घरी बसवून ठेवतात, एवढेच.

विद्यापीठाचा नकाशा मात्र सतत आकसत गेला. 1946 साली सागर विद्यापीठ निघाले, हिंदी भागातली महाविद्यालये तिकडे गेली. 1 मे 1983 रोजी अमरावती विद्यापीठ वेगळे झाले, वऱ्हाड गेला. 2005 मध्ये विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले. 2011 साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले आणि चंद्रपूर-गडचिरोली त्याच्याकडे गेले. उरले ते नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया. गोंदिया हा 1 मे 1999 पासून स्वतंत्र जिल्हा, पण विद्यापीठासाठी तो कायम कडेचाच. गोंदियाहून नागपूर रेल्वेने 130 किलोमीटर. गडचिरोलीच्या मुलांना जवळ विद्यापीठ मिळाले, देवरी-तिरोड्याच्या आदिवासी मुलांना ते मिळाले नाही, ही खंत इकडे अधूनमधून ऐकू येते. त्यात तथ्य आहे. पण गोंदियाच्या बाबतीत अंतर कमी केले ते विद्यापीठाने नव्हे, मनोहरभाई पटेलांनी. 1958 साली त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली. धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय आणि एन.एम.डी. महाविद्यालय ही त्या संस्थेची, आणि तिथेच पुढे पदव्युत्तर वर्गही आले. नागपूरला खोली घेऊन राहण्याऐवजी सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी घरी येता येते, ही मुलींच्या दृष्टीने पात्रतेच्या कोणत्याही सवलतीपेक्षा मोठी सवलत ठरली.

आता नियमांकडे. गुणांच्या बाजूने पाहिले तर दार पहिल्यापेक्षा बरेच रुंद झाले आहे. एम.ए.च्या बहुतेक विषयांना कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. समाजशास्त्राचा पदवीधर इतिहासाला जाऊ शकतो. एम.एस्सी.ला तो विषय पदवीला असावा लागतो, आणि ते योग्यच आहे, कारण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत उत्साहाने टायट्रेशन होत नाही. एम.बी.ए., एम.एड., कायदा यांचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाकडे गेले, व्यावसायिक प्रवेशांच्या 2015 च्या कायद्यानंतर पक्केच. एम.बी.ए.ला पदवीत 50 टक्के, राखीव प्रवर्गाला 45. तीन वर्षांच्या कायद्याला खुल्या प्रवर्गासाठी 45, अनुसूचित जाती-जमातींसाठी 40. पीएच.डी.ला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीत 55 टक्के, राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सूट, वर प्रवेश परीक्षा. इकडची पोरे तिला नुसते ‘पेट’ म्हणतात. चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी घेतलेला विद्यार्थी तर पदव्युत्तर पदवी न घेताही पीएच.डी.च्या रांगेत उभा राहू शकतो. एम.फिल. याच नियमांनी बंद झाले.

2023-24 पासून राज्यात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदव्युत्तर अभ्यासक्रम लागू झाले. तीन वर्षांची पदवी असेल तर दोन वर्षे, चार वर्षांची ऑनर्स पदवी असेल तर एक वर्ष. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षानंतर बाहेर पडले तर पदव्युत्तर पदविका हाती येते. घरी धानाची कापणी आणि बापाचे आजारपण एकाच वेळी आले तर अर्धवट सुटलेले वर्ष वाया जात नाही, एवढा तरी त्याचा उपयोग आहे. नव्या धोरणावर टीका करायला जागा पुष्कळ आहे, पण ही सोय गरिबाच्या कामाची आहे.

अट गुणांची राहिली असती तर हा लेख इथेच संपला असता. खरी वाटचाल कागदांची आहे. पदवीच्या गुणपत्रिका, टीसी, दुसऱ्या विद्यापीठातून आलात तर मायग्रेशन, मध्ये वर्ष गेले असेल तर गॅप सर्टिफिकेट, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, आधारशी जोडलेले बँक खाते, महाडीबीटीचा अर्ज, आणि आता क्रेडिट बँकेचा एबीसी आयडी. यांतला प्रत्येक कागद वेगळ्या टेबलावर मिळतो, आणि प्रवेशाची तारीख मात्र सगळ्यांची एकच असते. त्यात राखीव जागेचा प्रश्न आला की सर्वांत जड कागद येतो तो जात वैधता प्रमाणपत्राचा, म्हणजे ‘व्हॅलिडिटी’चा.

ही व्हॅलिडिटी जन्मली तीच मुळी एका प्रवेशाच्या भांडणातून. महाराष्ट्रातल्या दोन बहिणींनी अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवर घेतलेल्या प्रवेशावरून खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि सप्टेंबर 1994 मध्ये न्यायालयाने जातपडताळणी समित्यांची चौकट आखून दिली. राज्याने पुढे कायदा केला. 28 नोव्हेंबर 2000 रोजी घटनापीठाचा निकाल आला, तोही वैद्यकीय प्रवेशाच्याच प्रकरणातला. निकाल असा : जमातींच्या यादीतला हलबा म्हणजे हलबाच. कोष्टी समाजाला हलबा म्हणून जमातीचा लाभ मिळणार नाही. खटल्यातल्या विद्यार्थ्याची पदवी न्यायालयाने काढून घेतली नाही, पण पुढे जमातीचा लाभ मिळणार नाही असे बजावले. नागपूर आणि भंडारा भागात या निकालाने किती घरांचे हिशेब बदलले, ते विणकरांच्या वस्तीत विचारावे.

गोंदिया-भंडाऱ्याला याहून जवळची कथा गोवारी समाजाची. 23 नोव्हेंबर 1994 रोजी जमातीचा दर्जा मागत नागपुरात विधिमंडळावर निघालेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 गोवारी मृत्यू पावले. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. तिचा अर्थ गोवारी असा घ्यायचा की नाही, हा वाद. 14 ऑगस्ट 2018 रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. गावागावांत पोरांनी जमातीचे दाखले काढले, प्रवेश घेतले. 18 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. मधल्या सुमारे सव्वादोन वर्षांत जे प्रवेश आणि ज्या नोकऱ्या मिळाल्या त्यांना धक्का लागणार नाही, पण पुढे लाभ नाही, असे न्यायालयाने म्हटले. एकाच घरातल्या थोरल्या बहिणीचा प्रवेश त्यामुळे शाबूत राहू शकतो आणि दोन वर्षांनी लहान भावाचा नाही. गुणपत्रिका दोघांच्याही सारख्याच असतील तरी. पात्रतेच्या कोणत्याही नियमावलीत अशी अट लिहिलेली सापडणार नाही.

वैधतेसाठी पुरावा लागतो तो जुना. अनुसूचित जमातीला 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा, अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. हे कागद म्हणजे आजोबांचा शाळेतला दाखलखारीज, कोतवाल पंजीची नक्कल, जुनी महसुली नोंद. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर? ज्यांच्या घरात पहिली पिढी शिकते आहे, त्यांच्याकडूनच आधीच्या पिढीच्या शाळेचा पुरावा मागायचा, ही या व्यवस्थेतली सर्वांत मोठी विसंगती आहे. खोटे दाखले रोखले पाहिजेत, यात वाद नाही. आदिवासींच्या जागा आदिवासींनाच मिळाल्या पाहिजेत. पण रोखण्याचा सगळा भार खऱ्याच्या खांद्यावर टाकलेला आहे.

शंभर वर्षांचा हिशेब मला असा दिसतो. 1923 साली गावातल्या मुलाला अडवत होते ते अंतर, भाषा आणि पैसा. विद्यापीठाने आणि इतरांनी मिळून यांतली पहिली दोन बरीच खाली आणली. तिसऱ्यावर भारत सरकारची शिष्यवृत्ती, वसतिगृहे, स्वाधार आणि आदिवासी विद्यार्थ्यांची स्वयम् योजना यांनी थोडाफार उतारा शोधला. त्यांच्या जागी आता कागद येऊन बसला आहे. विद्यापीठ म्हणते, कागद आमचा नव्हे, शासनाचा. ते खरेही आहे. पण 1938 साली निजामाचा कागदही नागपूर विद्यापीठाचा नव्हता.

विद्यापीठाने फार मोठे काही करायला नको. प्रवेशाच्या हंगामात, जून-जुलैत, नागपूरच्या टेबलावरची माणसे आठवडाभर तिरोडा, देवरी, सडक अर्जुनी इथे आणून बसवावीत. देवरीला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहेच. त्याचा आणि पडताळणी समितीचा माणूस शेजारी बसवावा. अर्ज तिथेच तपासावा, त्रुटी तिथेच सांगावी. आणि बी.ए., बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या पोरापोरींनो, निकालाची वाट पाहू नका. या दिवाळीच्या सुट्टीत आजोबांच्या शाळेत जाऊन दाखलखारीजची नक्कल काढा आणि महाविद्यालयातून व्हॅलिडिटीचा अर्ज भरून टाका.