आंबील आली कुठून?

जंजिऱ्याच्या सिद्द्यांचे पूर्वज आणि आपल्या आंबिलीतली नाचणी, दोघांचंही माहेर एकच: पूर्व आफ्रिकेचा डोंगराळ मुलूख. हे वाचलं आणि थंडीच्या सकाळी पुढ्यात येणाऱ्या वाफाळत्या वाडग्याची कुळी शोधण्याचा नादच लागला.

रीत सर्वांना ठाऊक आहे. रात्री नाचणीचं पीठ ताकात कालवून ठेवायचं, सकाळी ते आधणात ओतत हाटत राहायचं. हात थांबला की गुठळ्या झाल्याच. पिठाचा फिकट रंग गडद तपकिरी होतो, वर बारीक बुडबुडे फुटू लागतात. मग मीठ, जिरं, ठेचलेला लसूण.

वाद आहे तो धान्याच्या जन्मगावाचा. एकोणिसाव्या शतकात द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने नाचणी भारताची ठरवली. आपल्या बांधावर तिच्यासारखंच रानगवत उगवतं, त्यामुळे तर्क सरळ वाटे. पण गुणसूत्रं मोजल्यावर तो कोसळला. आपल्या रानगवतात १८ गुणसूत्रं, नाचणीत ३६. आफ्रिकेतल्या रानटी भावंडात मात्र नेमकी ३६, आणि त्याचा नाचणीशी सहज संकर होतो. १९७६ साली हिलू आणि द वेट या संशोधकांनी पूर्व आफ्रिकेच्या बाजूने मांडणी केली आणि भारताचा दावा मागे पडला.

मग सिद्द्यांनीच नाचणी आणली म्हणायची का? मोह मोठा आहे. पण सिद्द्यांचा जंजिऱ्यावर अंमल बसला तो सतराव्या शतकात, आणि कर्नाटकात तुंगभद्रेकाठच्या हल्लूरच्या उत्खननात नाचणीचा पुरावा इसवी सनापूर्वी १००० च्या सुमाराचा सांगितला जातो. म्हणजे पाहुणे येण्याआधी अडीच हजार वर्षं त्यांचं धान्य इथे नांदत होतं.

माझं मत असं, की ती मोसमी वाऱ्यांवरच्या गलबतांतून शिधा म्हणून आली. नाचणीला कीड सहसा लागत नाही, कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. लांबच्या सफरीला याहून सोयीचं धान्य कुठलं? कुणी म्हणेल, हल्लूर तर समुद्रापासून आत आहे. असेना, आत पोचायला आधी किनारा लागतोच. तो चौल बंदराचा होता असं मात्र छातीठोक सांगवत नाही. ग्रीक-रोमन लेखकांना ठाऊक असलेलं ‘सेमिल्ला’ ते हेच, पण तो काळ हल्लूरच्या हजारेक वर्षांनंतरचा.

धान्याबरोबर आंबवण्याची कलाही आली का? केनियात नाचणीची ‘उजी’ अशीच आंबवून शिजवतात, म्हणून मला तसं वाटून गेलं. पण कानडी मुलखात ‘अंबली’ आहे, आपल्याकडे तांदळाची शिळी पेजही आंबतेच. उष्ण हवेत भिजवलेलं पीठ स्वतःहून आंबतं, ते कुणी शिकवावं लागत नाही. इथे मी हार मानतो: धान्य आफ्रिकेचं, आंबटपणा इथल्या हवेचा.

पुढचे टप्पे थोडक्यात. खलाटीतली भातखाचरं तांदळाने घेतली, नाचणी-वरी उतारावरच्या वरकसावर गेली. ठाकर-कातकऱ्यांनी ती राखली, घरोघर ती गरिबाचं अन्न म्हणून मागे पडली. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष ठरवल्यावर तीच पाकिटात बसून महाग झाली. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात दहाच्या आसपास. आंबवल्याने आणि मोड आणल्याने खनिजं अडवून धरणारं फायटेट कमी होतं. मोड आणून काढलेलं सत्त्व पातळही राहतं, म्हणून ते सहा महिन्यांवरच्या बाळालाही चालतं.

आणि सिद्दी? इथिओपियात नाचणीला ‘दागुसा’ म्हणतात, तिथे आजही ती पिकते. तेव्हा राजपुरीच्या खाडीवर उतरलेल्या हबशांना भात नवा वाटला असेल, डोंगरउतारावरची नाचणी मात्र बघताक्षणी ओळखू आली असणार. कागद नाही, तरी हे मी पैजेवर सांगतो.