न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग : युक्तिवादाचे सामर्थ्य आणि मर्यादा

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत अब्राहम लिंकन यांच्यासारखे वकील मतदारांच्या पाठिंब्यावर कायदेमंडळात गेले. मुंबई इलाख्यातील वकिलाला हा मार्ग खुला नव्हता. इलाख्याच्या कायदेमंडळात सरकारनियुक्त सभासद बसत. त्यामुळे सरकारपुढे सप्रमाण युक्तिवाद करणे हेच येथील राजकीय नेतृत्वाचे प्रमुख साधन ठरले. न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंग (१८५०-१८९३) यांच्या चरित्रातून या साधनाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा कशी दिसते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वकिली आणि विद्वत्ता

तेलंगांचा जन्म मुंबईत झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण घेऊन १८७२ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात अ‍ॅडव्होकेट झाले. संस्कृत ग्रंथांचा व्यासंग हे त्यांच्या वकिलीचे बलस्थान होते. हिंदू कायद्याच्या खटल्यांत ते मूळ धर्मशास्त्रग्रंथांच्या आधारे मुद्दे मांडू शकत. त्यांचा भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद १८८२ मध्ये मॅक्सम्यूलर यांच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. लेसिंगच्या 'नेथन' या जर्मन नाटकाचे त्यांनी मराठीत भाषांतरही केले.

राजकीय कार्य

१८८२ च्या हंटर शिक्षण आयोगाचे ते सभासद होते. १८८४ मध्ये मुंबई कायदेमंडळावर त्यांची नियुक्ती झाली. १८८५ मध्ये फिरोजशहा मेहता व बद्रुद्दिन तय्यबजी यांच्यासह त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनची स्थापना केली. त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनात कायदेमंडळांच्या विस्ताराचा ठराव त्यांनीच मांडला. सरकारने नेमलेला हा सभासद निर्वाचित सभासदांची मागणी करीत होता, ही बाब लक्षणीय आहे.

न्यायासनावरील मतभेद

१८८९ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. आपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी या प्रकरणात पूर्णपीठापुढे एक प्रश्न होता : वडील आपल्या पित्यासह अथवा भावांसह एकत्र असताना, त्यांच्या संमतीवाचून मुलाला वाटणी मागता येईल काय? बहुमताने नकार दिला. तेलंगांनी भिन्न मत नोंदवून मुलाचा हक्क मान्य केला. पित्याच्या अधिकारापुढे व्यक्तीचा हक्क उभा करण्याचे धैर्य येथे दिसते.

सुधारणेचा प्रश्न

रखमाबाई खटल्यात तेलंग रखमाबाईंच्या बाजूचे वकील होते. बालपणी झालेल्या, स्वतःला अमान्य असलेल्या विवाहातील पतीकडे नांदण्यास जावे, अशी सक्ती स्त्रीवर करता येईल काय, हा त्यातील कळीचा प्रश्न होता. हा वाद चालू असतानाच, १८८६ च्या व्याख्यानात, ज्या दिशेने विरोध कमी त्या दिशेने आधी जावे, असा विचार त्यांनी मांडला. राजकीय सुधारणेत सुशिक्षितांचे एकमत होते. सामाजिक सुधारणेला मात्र घरातूनच विरोध होता.

या भूमिकेची कसोटी त्यांच्याच घरात लागली. १८९३ मध्ये त्यांनी आपल्या अल्पवयीन कन्येचा विवाह करून दिला, तेव्हा सुधारकांना खेद झाला व त्यांच्यावर टीकाही झाली. त्याच वर्षी, १ सप्टेंबर रोजी, अवघ्या ४३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. या घटनेला केवळ ढोंग म्हणणे अन्यायाचे होईल. पण कुटुंबाचा दबाव म्हणून ती सोडून देणेही इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. कमी विरोधाचा मार्ग नेहमी पत्करल्यास सर्वाधिक विरोधाची जागा, म्हणजे स्वतःचे घर, शेवटपर्यंत तशीच राहते.

समारोप

मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू (१८९२) म्हणून तेलंगांचे स्मरण केले जाते. परंतु त्यांच्या चरित्राचे मोल केवळ पदांत नाही. मताधिकार नसलेल्या समाजात युक्तिवादाने राज्यकर्त्यांना उत्तरदायी करता येते, हे त्यांनी दाखविले. तोच युक्तिवाद आचरणाची जागा घेऊ शकत नाही, हेही त्यांच्या जीवनातून दिसते. विद्यार्थ्यांसमोर तेलंग मांडताना या दोन्ही बाजू मांडणे हे अध्यापकाचे कर्तव्य आहे, असे वाटते.