रानडुकरे आणि आफ्रिकन स्वाइन फीवर : पाळीव डुकरांचा बचाव

कर्जत तालुक्यात कळंबच्या बाजूला भात तयार होऊ लागले की रानडुकरे रात्री शेतात उतरतात. पिकाचे नुकसान दिसते; पण ज्यांच्याकडे डुकरे आहेत, त्यांनी रोगाचाही विचार करावा.

रोगाची ओळख
आफ्रिकन स्वाइन फीवर हा विषाणूजन्य रोग आहे. त्याची पहिली नोंद १९२१ मध्ये केनियातून झाली. भारतात तो २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात आढळला. २०२३ च्या सुरुवातीला तमिळनाडूतील मुदुमलाईच्या जंगलात मेलेल्या रानडुकरांतही तो सापडला. माणसाला हा रोग होत नाही.

लक्षणे
तीव्र ताप, खाणे बंद होणे, कान व पोटावर लाल-निळे चट्टे, रक्ती हगवण, गर्भपात आणि अचानक मृत्यू. मरतुकीचे प्रमाण जवळपास १०० टक्के असू शकते. साध्या स्वाइन फीवरची लस या रोगावर चालत नाही. उपचारही नाही.

प्रसार
आफ्रिकेतील वॉर्टहॉग हा रानटी प्राणी आजारी न पडता विषाणू बाळगतो. आपले रानडुक्कर मात्र स्वतःच आजारी पडून मरते. त्यामुळे जिवंत कळपाइतकाच धोका जंगलात पडलेल्या मृत जनावराचा असतो. रक्त, मांस, विष्ठा, चिखलाने माखलेली पादत्राणे आणि वाहने यांतून विषाणू गोठ्यापर्यंत येतो. दूरच्या गावी तो बहुधा माणूसच नेतो.

प्रतिबंध
• डुकरे मोकाट सोडू नका. गोठ्याभोवती दुहेरी कुंपण करा, म्हणजे रानडुकरांशी नाकाला नाक लागणार नाही.
• हॉटेल, लग्नकार्यातील उरलेले अन्न देणे टाळा. द्यायचेच असेल तर ढवळत किमान तासभर उकळा.
• शेतातून किंवा रानातून आल्यावर पादत्राणे बदलूनच गोठ्यात जा.
• नवीन डुकरे काही आठवडे वेगळी ठेवा.
• रानडुकराचे मांस घरी आणू नका. शिकार वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.

संशय आल्यास
मेलेले रानडुक्कर दिसल्यास हात न लावता वन विभागाला कळवा. गोठ्यात मरतूक सुरू झाल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर त्वरित कळवा. उरलेली डुकरे घाईने विकू नका. त्यानेच रोग पुढच्या गावात जातो.