चाकोरीचे भय

नोकरीत पंधरा-वीस वर्षे काढलेल्या माणसाच्या मनात एक भय हळूहळू घर करू लागते. तीच खुर्ची, त्याच नस्त्या, त्यांवर तेच शेरे. आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत यात काही पालट व्हावयाचा नाही, ही जाणीव. मी स्वतः सरकारी नोकर आहे, तेव्हा या भयाची ओळख मला पुस्तकातून करून घ्यावी लागलेली नाही. आपल्या भाषेने त्याला ‘चाकोरी’ हा बोलका शब्द दिला. चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी पडलेली वाट. गंमत अशी, की ज्या गाडीवानाच्या जगातून हा शब्द आला, त्याला चाकोरीचे भय नव्हते. रात्रीच्या अंधारात बैलांनी चाकोरी धरली, की तो निर्धास्तपणे डुलकी घेत असे. शब्द गाडीवानाचा, त्यातला तिरस्कार मात्र सुशिक्षितांनी मागाहून भरला. ज्यांच्या वाट्याला खरोखरीची चाकोरी आली, त्यांनाही हा तिरस्कार वाटत होता काय, हे पाहण्यासाठी श्रोत्यांना मी आज भिलाईला नेणार आहे.

भिलाई निवडण्याचे कारण घरगुती आहे. माझे एक मामा भंडारा जिल्ह्यातून १९६४ साली तेथील पोलाद कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. रेल्वेचे रूळ तयार होतात त्या विभागात ते होते. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही मुले तिकडे जात असू. सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा या तीन वेळांवर ते सारे गाव चालत असे. मामांची पाळी बदलली, की मामीचा स्वयंपाक, मुलांचे खेळणे, पाहुण्यांचे बोलणे, सगळ्यांच्याच वेळा बदलत. रात्रपाळी असली म्हणजे भर दुपारी घरात कुजबुजत बोलावयाचे. मी दहा-अकरा वर्षांचा असेन, एकदा विचारले, “मामा, रोज रोज तेच करून तुम्हाला कंटाळा नाही येत?” मामा हसले. “कारखान्यात रोज तेच झाले तर फार बरे असते रे,” एवढेच म्हणाले. त्या उत्तराचा अर्थ कळावयास मला बरीच वर्षे लागली.

भिलाई हे नाव आज पोलादाशी इतके जोडले गेले आहे, की कारखान्यापूर्वी ती दुर्ग जिल्ह्यातील धानशेतीच्या मुलखातली एक लहानशी वस्ती होती, याचा विसर पडतो. या मुलखाचा मराठी माणसाशी संबंध जुना. अठराव्या शतकात छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहत होते, आणि त्यांच्यामागे नागपूरहून सुभेदार जात राहिले. त्यांच्याबरोबर गेलेल्या कारकून-कमाविसदारांचा दिनक्रम काय होता, यावर कोणी लिहिले तर मी मोठ्या आवडीने वाचीन. असो. सोव्हिएत संघाच्या मदतीने भिलाईस कारखाना उभारण्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल हे रायपूरचे. पुढच्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन नागपूर एका राज्यात आणि भिलाई दुसऱ्या राज्यात गेली. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. वर्षाला दहा लाख टन पोलाद, हे आरंभीचे उद्दिष्ट होते.

ज्या शेतकऱ्यांच्या जमिनींवर हे सारे उभे राहिले, ते कारखान्याकडे धावत आले, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. कित्येक जण बिचकूनच होते. एवढे मोठे बांधकाम नरबळी दिल्याखेरीज उभे राहत नाही, अशा अफवा त्या काळी खेड्यापाड्यांत पसरल्या होत्या. शिवाय शेती कितीही हलाखीची असली, तरी ती ओळखीची होती. पण ती किती हलाखीची होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पावसावर येणारे धानाचे एकच पीक. पाऊस चुकला, की सारे वर्ष चुकले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी छत्तीसगड पोळून निघाले होते. आसामच्या चहामळ्यांपर्यंत, जमशेदपूरच्या कारखान्यापर्यंत इथली माणसे मजुरीसाठी जात. पुढच्या महिन्यात आपण कोठे असू, हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या आयुष्यात सुशिक्षितांना हवे असते ते वैचित्र्य भरपूर असते!

आता कारखान्यातील चाकोरी कशी निर्माण होते, ते पाहू. ती कोणा अधिकाऱ्याच्या शिस्तप्रियतेतून आलेली नाही. झोतभट्टी, म्हणजे कामगार ज्याला ब्लास्ट फर्नेस म्हणतात ती, एकदा पेटली की वर्षानुवर्षे पेटलेलीच ठेवावी लागते. वरून लोहखनिज, कोक आणि चुनखडी टाकीत राहावयाचे, खालून तापलेल्या हवेचा झोत देत राहावयाचे, आणि तळाशी साचलेला लोखंडाचा रस दर काही तासांनी वाहून काढावयाचा. तो वेळेवर काढला नाही, तर रसाची आणि मळीची पातळी झोताच्या तोंडापर्यंत चढते. कोक ओव्हनची तऱ्हा याहून हट्टी. तेथील भिंतींच्या विटा अशा असतात, की एकदा तापल्यावर त्या थंड होऊ दिल्या तर तडकतात. म्हणून ती भट्ट्यांची रांग तिच्या साऱ्या आयुष्यात निवू द्यावयाची नसते. भट्टीला दिवाळी नाही, आजारपण नाही. माणसांना मात्र झोप लागते. म्हणून आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या.

आणि या चाकोरीत एखाद्या दिवशी खरोखरच काही निराळे घडले, तर काय होते? १२ जून २०१४ रोजी भिलाईत पाण्याचा दाब कमी होऊन भट्टीचा विषारी वायू सुटला. या वायूला रंग नाही, वास नाही. सहा माणसे दगावली; त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हनच्या वायुवाहिनीवर देखभालीचे काम चालू असता आग भडकली आणि दहाहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. ही वृत्ते वाचली, तेव्हा मामांचे ते उत्तर मला आठवले.

घड्याळाची ही हुकमत भिलाईत प्रथम आली असे नाही. मराठी माणसाने ती त्यापूर्वी पाऊणशे वर्षे मुंबईच्या गिरण्यांत अनुभवली होती, आणि चाकोरीच्या इतिहासातले सर्वांत उद्बोधक प्रकरण मला तेथेच आढळते. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणी उजाडता सुरू होई आणि मावळता थांबे. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून राबणेही मोठे. १८८१ चा पहिला कारखाने कायदा मुलांपुरताच होता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा बोलावून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला. लोखंडे सत्यशोधक, जोतीराव फुल्यांचे अनुयायी, ‘दीनबंधु’चे संपादक, आणि स्वतः गिरणीत कोठाराचे काम केलेले. त्या अर्जातील मागण्या पाहाव्यात. दर रविवारी पुरती सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा.

या मागण्यांत कामाच्या कंटाळवाणेपणाविषयी एक अक्षर नाही. उलट, नीट पाहिले तर लोखंडे यांनी मागितली ती चाकोरीच होती! आरंभाची ठरलेली वेळ, शेवटाची ठरलेली वेळ, पगाराचा ठरलेला दिवस, सुटीचा ठरलेला वार. तोवर गिरणीत जे होते, त्याला काठ नव्हते. मालकाच्या गरजेप्रमाणे ते पसरत होते. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी मालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. प्रौढ पुरुष कामगाराच्या तासांना कायद्याची मर्यादा येण्यास १९११ साल उजाडावे लागले, आणि तीही बारा तासांची. अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा १९४८ च्या कायद्यात स्थिर झाला. आपण ज्याला ‘दहा ते साडेपाचचे रहाटगाडगे’ म्हणून नाके मुरडतो, त्याच्या मागे अशी साठ-सत्तर वर्षांची मागणी उभी आहे.

घड्याळाविषयी कामगारांना लोभ होता, असे मात्र नव्हे. १९०६ च्या आरंभी भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटे पुढे होती. काटा पुढे सरकला, म्हणजे तेवढे लवकर अंधारात गिरणीच्या दाराशी हजर व्हावयाचे. कामगार खवळले, शहरात निषेध झाला. महापालिकेने तर मुंबईची जुनी वेळ पुढे जवळजवळ अर्धे शतक चालू ठेवली. म्हणजे वेळ हवी होती. पण दुसऱ्याने मनास येईल तेव्हा पुढे ढकललेली नको होती.

इंग्रज इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ साली एका प्रसिद्ध निबंधात असे मांडले, की शेतकरी कामाच्या गरजेने चालतो, कारखाना घड्याळाने चालतो, आणि या संक्रमणात माणूस आपल्या वेळेचा धनी राहत नाही. या मताची परीक्षा भिलाईत झाली. जोनाथन पॅरी नावाच्या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञांनी १९९० नंतर वेळोवेळी तेथे दीर्घ वास्तव्य करून कामगारांचे जीवन अभ्यासले. त्यांचा मोठा ग्रंथ २०२० साली निघाला. त्यांना आढळले ते थॉम्पसनच्या उलट. शेतकऱ्यांच्या पोटी जन्मून कारखान्यात कायम झालेली माणसे सांगत, की खरे कंटाळवाणे काम शेतात आहे: उन्हापावसात कमरेत वाकून दिवसचे दिवस तेच. कारखान्यात कामाला भरती-ओहोटी असते. एखादा घाण पुरा होईपर्यंत थांबावयाचे, मग अंग भाजेपर्यंत झटावयाचे, मग पुन्हा चहा आणि गप्पा. पाळीतला एक केरळचा, दुसरा आंध्रचा, तिसरा बिहारचा, चौथा शेजारच्याच खेड्यातला. त्यांच्या मुलांना तर शेतात पाय ठेवणेही नकोसे झाले.

हे चित्र सर्वांना लागू नाही, हे पॅरीही बजावतात. त्याच आवारात, त्याच भट्टीच्या उष्म्यात, ठेकेदाराचा मजूर त्याहून खडतर काम पुष्कळ कमी वेतनावर करतो, आणि उद्या त्याला बोलावतील की नाही, हे त्याला ठाऊक नसते. दल्ली-राजहराच्या लोहखाणींतून भिलाईला खनिज येते. तेथील ठेक्याच्या खाणकामगारांनी १९७७ साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. नियोगी पूर्वी भिलाईच्या कोक ओव्हनमध्ये कामाला होते. त्या लढ्यातील एक मागणी अशी, की मजूर हजर असूनही ज्या दिवशी काम दिले जात नाही, त्या दिवसाचीही काही मजुरी मिळावी. दुसरी, पावसाळ्यापूर्वी झोपडीच्या दुरुस्तीसाठी पैसे मिळावेत. त्या जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात अकरा जण मारले गेले. लोखंड्यांच्या अर्जानंतर त्र्याण्णव वर्षांनी पुन्हा तीच याचना: आमच्या दिवसांना काही नेम असू द्या. नियोगींचा खून २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच झाला.

मग माझ्यासारख्या खुर्चीवरच्या माणसाचे भय खोटे म्हणावे काय? तसे मला म्हणवत नाही. ज्याच्या दिवसांना नेम लाभला आहे, त्यालाच या नेमाचा जाच होणार. पोट भरल्यावर लागणारी भूकही भूकच असते. भिलाईच्या दुसऱ्या पिढीने ती अनुभवली. वडिलांच्या ठरलेल्या पगारावर ती मुले चांगल्या शाळांतून शिकली, अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांत चमकली, आणि पाळीचे आयुष्य नको म्हणून पुणे, बंगळूर, परदेश गाठती झाली. माझा मामेभाऊ त्यांपैकीच. अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे तो आता बंगळुरात रात्रपाळी करतो. दुसरे उदाहरण तीजनबाईंचे. भिलाईजवळच्या गनियारीत जन्मलेली, पंडवानी गाणारी ही बाई पोलाद कारखान्याच्या नोकरीत होती. हातात तंबुरा घेऊन ती भीम-दुःशासन उभे करी, तेव्हा हजेरीपटावरील तिचे नाव कोणाच्या ध्यानात येत असेल? २०१९ साली तिला पद्मविभूषण मिळाले. नोकरीने तिच्या कलेला खाल्ले नाही. पण एवढे बळ आपणा सर्वांच्या अंगी असते, असा दावा मी करणार नाही.

माझा स्वतःचा तर्क निराळा आहे. कचेरीतील कामाचा शेवट आम्हाला दिसत नाही, हा त्यातला खरा जाच असावा. नस्ती वर जाते, खाली येते, कपाटात निजते. मामांच्या बाबतीत असे नव्हते. रुळाच्या उभ्या अंगावर कारखान्याची खूण आणि तो तयार झाल्याचे साल उठवलेले असते. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे नागपुरास येत, तेव्हा त्यांना पोहोचवावयास मी स्टेशनवर जाई. गाडी यावयास अवकाश असला, म्हणजे ते फलाटाच्या अगदी टोकापर्यंत चालत जात. तेथे चष्मा कपाळावर चढवून खाली वाकत, बाजूच्या रुळावरचे साल वाचीत, आणि परत येऊन माझ्या हातातला चहाचा पेला घेत.