ताब्याचा दावा आणि मतांचा पुरावा

ॲनी बेझंट यांचे नाव आपल्याकडे होमरूल चळवळ व थिऑसॉफी यांच्याशी जोडलेले आहे. मुलांच्या ताब्यावरून त्यांना दोनदा न्यायालयात उभे राहावे लागले, ही बाजू क्वचितच चर्चेत येते. साहित्याच्या अभ्यासकांनी तिकडे लक्ष द्यावे असे आम्हांला वाटते. कारण दोन्ही वेळी आचरणापेक्षा मतांचाच पुरावा भारी ठरला.

१८७३ साली पतीपासून विभक्त होताना झालेल्या करारानुसार मुलगा डिग्बी वडिलांकडे आणि मुलगी मेबल आईकडे राहिली. १८७७ मध्ये बेझंट व चार्ल्स ब्रॅडलॉ यांनी नोल्टन यांची संततिनियमनावरील पुस्तिका पुन्हा प्रसिद्ध केली आणि त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यातील शिक्षा फेब्रुवारी १८७८ मध्ये तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाली. तरीही त्याच वर्षी पती फ्रँक बेझंट या धर्मोपदेशकांनी मेबलचा ताबा मागितला, तेव्हा तीच पुस्तिका आणि बाईंचे निरीश्वरवादी लेखन पुरावा म्हणून पुढे आले. आई मुलीला मायेने वागवते, तिची उत्तम काळजी घेते, हे न्यायमूर्ती जॉर्ज जेसेल यांनी मान्य केले. पण धर्मशिक्षणाचा अव्हेर आणि त्या पुस्तिकेचा प्रसार यांपुढे त्या मायेचे वजन पडले नाही. आठ वर्षेही पूर्ण न झालेली मेबल आईपासून दुरावली. १८७९ मध्ये अपीलही फेटाळले गेले.

पुढे १९१२ साली मद्रास उच्च न्यायालयात बेझंट पालक म्हणून प्रतिवादी होत्या. जे. कृष्णमूर्ती व नित्यानंद या मुलांचे पालकत्व वडील नारायणय्या यांनी १९१० मध्ये त्यांना लिहून दिले होते. तेच आता ते परत मागत होते. लेडबीटर यांच्यावर केलेले गैरवर्तनाचे आरोप न्यायमूर्ती बेकवेल यांना सिद्ध झालेले वाटले नाहीत. मात्र लेडबीटर यांनी साक्षीत कबूल केलेली मतेच त्यांना शिक्षक म्हणून अपात्र ठरवतात, असे ते म्हणाले. १९१३ मध्ये निकाल वडिलांच्या बाजूने लागला. १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. मुले इंग्लंडमध्ये होती आणि त्यांची इच्छा विचारात घेतली गेली नव्हती, हे मुद्दे तेथे महत्त्वाचे ठरले.

मतांवरून माणसाचे आचरण ताडणे ही वाचनाचीच एक रीत आहे. चरित्र आणि साहित्य यांचा मेळ घालताना आपणही ती वापरतो. या दोन खटल्यांत तिची किंमत मुलांनी मोजली, आणि त्यांचे म्हणणे सर्वांत शेवटी पुढे आले. मेबल व डिग्बी दोघेही जाणते झाल्यावर आपण होऊन आईकडे आले. १८७८ च्या कागदपत्रांत या साक्षीला जागा नव्हती.